करवंटीचं माप

९ जून, सोमवार

ही वही फिजीतल्या सुवाच्या कॉलेजातली. पहिल्या काही पानांवर मागणी आणि पुरवठ्याच्या आकृत्या आहेत, पुढची पानं कोरी. कॉलेज सोडलं, वही सोबत आली.

मोकोला, माझ्या भावाला, पुरायला बेटावर आलो तेव्हा परतीचं तिकीट खिशात होतं. ते विमान गेलं. बाबा एकटा पडला म्हणून राहिलो, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक मान हलवतात, वाका शहाणा झाला म्हणतात. खरं कारण अकाइती. दवाखान्यातली नर्स. सुवाला गेलो तेव्हा तिला काही न सांगता गेलो आणि दोन वर्षं त्याचाच राग स्वतःवर काढत बसलो. वसतिगृहातल्या एका पोरानं तिच्या फोटोवरून काहीतरी म्हटलं म्हणून त्याचं नाकही फोडलं.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. दफनाच्या दिवशीसुद्धा मी तिच्याकडेच बघत होतो. ती इतकी रडत होती की तिला दोघींनी धरलं होतं. आमच्या घराबद्दल हिला किती माया आहे, असं माझ्या मनात आलं.

मी रडलो नाही. अजून रडू आलं नाही. मोकोची कबर अंगणात आहे, आईच्या शेजारी. सकाळी दात घासताना चूळ कुठे टाकायची हे आता बघावं लागतं.

१२ जून, गुरुवार

मोको जिथे पडला तिथे गेलो होतो. धक्क्यावरून वर गावाकडे येणारा रस्ता पोवळ्याच्या खडकातून कापून काढलाय, तिथलं वळण. दुकानातून बिअरचे दोन क्रेट मागे बांधून तो वर येत होता. मोटारसायकल खडकाला घासली. काचा अजून तशाच होत्या आणि शाळेची पोरं त्या रस्त्यानं अनवाणी जातात, म्हणून झाडू घेऊन गेलो.

फुटलेले तळ, हिरव्या काचा, बाटल्यांच्या माना. मानांवर झाकणं तशीच लागलेली. मुंग्या पार येऊन गेल्या होत्या. एक मान खिशात टाकली, का ते माहीत नाही. बाकीच्या पोत्यात भरताना अंगठा कापला.

अकाइतीनं टाके घातले. आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मी म्हटलं, "नसतं दिलंस तरी चाललं असतं. तसंही काही कळत नाही."

"मलापण," ती म्हणाली. मग बराच वेळ दोरा कापत बसली.

संध्याकाळी ती घरी आली. आली ती सरळ कबरीपाशी बसली, सिमेंटवर पडलेली पानं वेचत. मग म्हणाली की सरकार दारूवरचा कर वाढवायचं म्हणतंय, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर. राजधानीच्या बेटावरून, रारोटोंगाहून, माणूस येणार आहे, चार जुलैला सभा, लोकांचं म्हणणं ऐकायला. "मी बोलणार आहे. पण मी बोलले तर म्हणतील, नर्स आहे, ती तसं म्हणणारच. तू बोल, वाका. तू शिकलायस. आणि तू त्याचा भाऊ आहेस."

माझ्यावर तिचा एवढा भरवसा. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते दुःख नव्हतं. त्याची लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

१३ जून, शुक्रवार

पापा तुरोआच्या दुकानात गेलो. इथे वडीलधाऱ्या माणसांना पापाच म्हणतात. म्हातारा पीठ मोजत होता.

"तुमच्या बिअरनं माझा भाऊ मेला," मी म्हटलं.

"बस, पोरा."

"बसायला नाही आलो. किती प्यायला होता तो इथे?"

"इथे कोणी पीत नाही. इथून घेऊन जातात." त्यानं तराजू थांबवला. "हसत हसत आला. थंड बघून द्या म्हणाला, आज गावाला पाजायचीय. मी म्हटलं, कशाबद्दल, तर म्हणे उद्या कळेल. आणि राग येऊ देऊ नकोस, वाका, पण तो इथे आला तेव्हाच त्याच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता."

मेलेल्या माणसाच्या तोंडाचा वास काढतो. मी फळीवरचे मासळीचे डबे हातानं खाली लोटले. सगळी रांग. एक डबा घरंगळत पार दारापर्यंत गेला. म्हातारा वाकून एकेक उचलायला लागला. मीही चार उचलले आणि निघून आलो.

१५ जून, रविवार

चर्चमध्ये बाबानं तोंड उघडलं नाही. पुरुषांच्या बाजूचा सगळ्यात खालचा सूर त्याचा असतो. तो नव्हता तर गाणं वर तरंगत राहिलं, पाय नसल्यासारखं.

मोको गेल्यापासून बाबा तुमुनूकडे फिरकलेला नाही. त्या झोपडीत नारळाचं पोखरलेलं खोड पुरलंय, त्यात संत्र्यांची दारू मुरते, भोवती ओंडक्यांवर माणसं बसतात, आणि मधे बसून वाटणारा एकच, बाबा. सगळ्यांना एकच करवंटी, आळीपाळीनं. आपली पाळी आली की एका दमात पिऊन परत द्यायची. वाटणारा स्वतः पीत नाही. कोणाला किती भरायची ते तो तोंड बघून ठरवतो, आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. बाबाची ती करवंटी, माझ्या पणज्याच्या वेळची, काठ झिजून गुळगुळीत झालेली, आता घरी खिडकीत पालथी ठेवलेली आहे.

पीरी आला होता. मोकोचा जोडीदार, त्याच्याबरोबर मासेमारीला जायचा. डावा डोळा काळानिळा.

"कोणी मारलं?"

"माझ्याच मेव्हण्यानं. तुझा बाप बसत नाही, मग आम्ही काय करणार? ज्यानं त्यानं आपापल्या घरी बादलीत लावलंय. साखर ढीगभर. दोन दिवसांत तयार, तीन दिवसांत भांडण तयार." मग बाबाला म्हणाला, "पापा, या हो बसायला. संत्री झाडावरून पडून सडायला लागली. डुकरं झिंगतायत."

बाबानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना मी पीरीला विचारलं, "त्या दिवशी मोको तुझ्याबरोबर होता का?"

"तुमुनूतलं तुमुनूत," पीरी म्हणाला आणि चपला शोधायला लागला. चपला त्यानं घातलेल्याच नव्हत्या.

हे तो सवयीनं बोलतो. तिथे झालेलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, ही जुनी पद्धत.

१९ जून, गुरुवार

अकाइती आणि मी भाषण लिहायला बसलो. म्हणजे मी बोलत होतो आणि ती खोडत होती.

मी म्हटलं, सरसकट दुप्पट करा. ती म्हणाली, सरसकट केलास तर लोक कमी पैशात जास्त चढणारी शोधतील, रम घेतील. कर बाटलीवर नको, तिच्यातल्या जोरावर हवा. मी म्हटलं, कर बसला की पिणं कमी होतं, हा नियमच आहे, आकृती दाखवू का? ती म्हणाली, "तुझ्या आकृतीत पीरीची बादली कुठेय?"

मी चिडलो. कोणाच्या बाजूनं आहेस, विचारलं. ती म्हणाली, "कर हवाच. शनिवारी माझ्याकडे जे येतं ते तू बघितलेलं नाहीस. पण कर लावून आपण घरी जाऊन झोपलो असं व्हायला नको." ती दमल्यासारखी दिसत होती. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "वाका, मोकोची ती विणलेली टोपी आहे का रे? असली तर मला देशील? ऊन फार लागतं."

टोपी आत खुंटीवर आहे हे तिला माहीत होतं. मी उठायच्या आत ती जाऊन घेऊन आली. लगेच घातली नाही, मांडीवर धरून बसली.

आमच्या घरातली वस्तू ती डोक्यावर घालणार. काय समजायचं ते मी समजलो.

२४ जून, मंगळवार

बाबा तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, शेतातून आला, पाय धुतले, ओट्यावर बसला. मी त्याला भाषण वाचून दाखवलं. 'माझ्या भावाला दुकानातल्या बाटलीनं मारलं' असं त्यात पहिलंच वाक्य आहे. ते ऐकून त्यानं डोळे मिटले. संपल्यावरही मिटलेलेच.

"कसं वाटलं?"

"चांगलं लिहिलंयस."

"मग? कर हवा की नको?"

डोळे तसेच ठेवून म्हणाला, "कर कोणाचं तोंड बघत नाही. ज्याला एक पुरते त्यालाही तेवढाच, ज्याला दहा लागतात त्यालाही तेवढाच. आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला तर कळतसुद्धा नाही. तोंड बघून माप धरायला माणूस लागतो. मी बघायचो."

"बघायचो काय? अजूनही बघशील. लोक बोलावतायत."

तो उठून आत गेला. त्यानं थाळीला हात लावला नाही. मीही थोडंच खाल्लं. उरलेलं कोंबड्यांना टाकलं.

२७ जून, शुक्रवार

अकाइतीला फुलांची माळ करून नेली. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर ती एकटीच होती. मी म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचंय. कर सोडून.

"आत्ता नको, वाका," ती म्हणाली. माझ्या हातातली माळ बघितली आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "मला आत्ता काहीच ऐकता येत नाही."

म्हणजे सभेनंतर. बरोबर आहे तिचं. एका वेळी एकच काम. माळ तिच्याजवळ पायरीवर ठेवून आलो.

संध्याकाळी ती माळ मोकोच्या कबरीवर दिसली. ती येऊन ठेवून गेली होती. मनानं किती चांगली आहे.

४ जुलै, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

सभागृह भरलं होतं. पंखे बंद, वीज गेलेली. रारोटोंगाचा माणूस, मरुराई नावाचा, फुलाफुलांचा शर्ट, सौम्य बोलणारा. त्यानं आधी सांगितलं की मी पटवायला आलेलो नाही, ऐकायला आलोय.

पहिला तुरोआ उठला. "बोट महिन्यातून एकदा येते. भाड्यानंच सगळं महाग होतं. त्यावर तुम्ही कर चढवणार. पिणारा म्हणेल, पीठ कमी आणू, पोरांचे बूट पुढच्या वर्षी घेऊ. कर बाप भरत नाही, घर भरतं. आणि तो पैसा जातो रारोटोंगाला. परत आलेला मी तरी बघितला नाही."

टाळ्या पडल्या. मरुराईनंही मान डोलावली.

मग अकाइती. टोपी हातात. "गेल्या वर्षी इंजिन बिघडून बोट आली नाही, दुकानातली दारू संपली. त्या शनिवारी दवाखान्यात कोणी आलं नाही. मी खुर्चीत बसून झोपले. तशी झोप मला त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही. महाग झाली की कमी येईल. थोडीच कमी. पण त्या थोड्यातच कोणाची तरी बायको असते."

"नर्सबाई," मागून पीरी बोलला, "त्या शनिवारी आम्ही बादलीतली प्यायलो होतो. तुमच्याकडे आलो नाही ते तुमच्या सुईच्या भीतीनं."

लोक हसले. तीही थोडी हसली. मरुराई म्हणाला, "हेच मला कळत नाहीये. बाटली महाग केली तर लोक बादलीकडे जाणार. बादलीवर कर कसा लावणार? ती मोजणार कोण?"

मग माझं नाव पुकारलं.

मी कागद काढला नाही. पाठच होतं. "माझ्या भावाला दुकानातल्या बाटलीनं मारलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला, मला ऐकू येत होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. तुरोआकडे बोट केलं. बूट आणि पीठ काय सांगता, म्हटलं, आमच्या घरी एक माणूस कमी झालाय. मग खिशातून ती बाटलीची मान काढून मरुराईच्या टेबलावर ठेवली. "ही बघा. त्याच्या शेजारी पडलेली. तेव्हापासून जपून ठेवलीय."

मरुराईनं ती उचलली. उजेडात फिरवून बघितली. मग अगदी हळू, जणू मला एकट्यालाच सांगावं तसं म्हणाला, "हिचं झाकण लागलेलं आहे."

मी बघितलं. ते तर मी पहिल्या दिवसापासून बघत होतो.

"सगळ्यांची लागलेली होती," मी म्हटलं. मला अजून कळलं नव्हतं. मी पुरावा वाढवतच होतो.

तुरोआनं मान खाली घातली. पीरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आणि बाबा उठला.

"त्या बाटल्या त्यानं उघडल्याच नाहीत," बाबा म्हणाला. "तो माझ्याकडे प्याला. दुपारी तुमुनूत आला, बातमी घेऊन. चांगली बातमी आणणाऱ्याला काठोकाठ भरून द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. मी भरून दिली. तेवढी एकच द्यायची असते. मी पुन्हा दिली. मग पुन्हा. त्याचं तोंड मला दिसत होतं, डोळे जड झालेले दिसत होते. दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर हात आखडला असता. मग मीच म्हटलं, जा, दुकानातून थंड बिअर आण, आज गावाला पाजू." तो तुरोआकडे वळला. "तुझ्यावर आलं आणि मी गप्प बसलो. हे सगळे बसले होते तिथे. माझ्यासाठी गप्प राहिले. तुमुनूतलं तुमुनूत."

मरुराईनं, मला वाटतं काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं, "बातमी कसली होती?"

बाबा अकाइतीकडे बघत राहिला. तिनं टोपी छातीशी धरली होती.

"आमची," ती म्हणाली. "त्या सकाळी मी त्याला हो म्हटलं होतं."

मी माझ्या जागेवर येऊन बसलो. खुर्ची गरम होती. पुढे सभा चालू राहिली असणार, कारण लोक बोलताना दिसत होते.

५ जुलै, शनिवार

काही नाही.

६ जुलै, रविवार

मागची पानं वाचली. प्रत्येक पानावर लिहिलेलंच आहे. माझ्याच अक्षरात.

बाबावर ओरडावं म्हणून उठलो होतो. तो कबरीच्या कडेला बसून सिमेंटवर हात फिरवत होता, खडबडीत जागा शोधून अंगठ्यानं घासत होता. मी परत येऊन बसलो. राग यायला हवा होता. मला तर टोपी पडली तरी राग येतो.

९ जुलै, बुधवार

तुरोआकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यानंच पिठाचं पोतं दाखवलं आणि म्हणाला, "धर एक बाजू." दोघांनी मिळून आत नेलं. दुसरंही नेलं. मग तो म्हणाला, "डबे चेपले होते ते मीच खातोय. चव तीच लागते."

परत येताना अकाइती दवाखान्याच्या पायरीवर दिसली. मी मान वळवून जाणार होतो. तिनं हाक मारली.

"तुला कळलं असेल असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "मग त्या माळेच्या दिवशी कळलं की तुला काहीच माहीत नाही. तेव्हा सांगायला हवं होतं."

"मी मूर्ख आहे."

"आहेस. पण तो तुझ्याबद्दल फार बोलायचा. भाऊ परत आल्यावर सांगू म्हणायचा, तोवर कोणाला नको. मग धीर धरवला नाही त्याला. बापाला सांगून आला."

मग ती कामाचं बोलली. मरुराई कर वाढवा म्हणूनच लिहिणार आहे, बाटलीतल्या जोराप्रमाणे. अमलात यायला वर्ष लागेल. तुमुनूंना कर नाही, पण प्रत्येक ठिकाणी वाटणारा हवा आणि त्यानं गावाला जबाबदार राहायला हवं, असं पंचायतीनं आपणहून ठरवलंय. "म्हणजे काय होईल सांगू? दुकानातली महाग झाली की सगळे इकडे वळतील. बाबा बसणार नाही. कोणी बसलं नाही तर बादल्या आहेतच. मग मी कर मागितला त्याचे टाके मीच घालत बसेन."

"मग कर नको म्हणायचं होतंस."

"नाही. हवाच. दोन्ही हवं." तिनं माझ्या अंगठ्याकडे बघितलं. टाके निघाले होते. "तू पीत नाहीस फारशी, वाका."

"मी तोंडं वाचू शकत नाही. तूच बघितलंस."

"आता वाचशील," ती म्हणाली. एवढी कोरडी की ते कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

१२ जुलै, शनिवार

खिडकीतली करवंटी घेतली, धुतली. बाबानं बघितलं. मी चालायला लागलो तसा मागून आला.

पीरी आणि इतरांनी संत्री पिळून खोड तीन दिवसांपूर्वीच भरलं होतं. मी येणार हे त्यांना कोणी सांगितलं, विचारलं नाही. ऊन अजून झाडांवर होतं. मी वाटणाऱ्याच्या ओंडक्यावर बसलो. बाबा समोर, इतरांच्यात. तिथे बसलेलं मी त्याला कधी बघितलेलं नाही. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

करवंटीनं खोडाच्या काठावर टकटक केलं, सगळे गप्प झाले, प्रार्थना झाली. मग वाटायला लागलो. पीरीला अर्धी. त्यानं करवंटीत वाकून बघितलं.

"अरे, कर लागू झाला का इथे?"

"तुझ्यासाठी झाला," मी म्हटलं. "मेव्हण्याशी मिटलं की कमी करू."

हसले सगळे. पीरीनं पिऊन टाकली आणि परत दिली. त्यावर कोणी वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालतील. पुढच्याला पाऊण. त्याच्या पुढचा घरून बादलीतलं पिऊन आला होता, डोळ्यांवरून कळत होतं. मी त्याला ओलांडून पुढे गेलो. तो पायाकडे बघत राहिला. हे एवढं सोपं असेल तर त्या दिवशी का नाही, असं डोक्यात आलं. मग समोर बाबा होता आणि ते सोपं राहिलं नाही.

तो वाटण्यासाठीच इथे यायचा. कधी प्यायला नाही. आता त्यानं हात पुढे केला. त्याचं तोंड बघितलं. मोको गेल्यापासून सगळा वेळ तो माझ्या समोरच होता आणि मी बघितलं नव्हतं. गाल आत गेलेत. पापण्या लाल. त्याला आत्ता भरलेली हवी होती, आणि तिच्यामागून आणखी एक, आणि मग काहीच कळायला नको होतं. हे मला वाचता आलं, कारण मलाही तेच हवं होतं.

मी करवंटी बुडवली. काठोकाठ भरून वर आली. सगळे बघत होते.

निम्मी परत ओतली. मग राहिलेल्यातली थोडी. इतके दिवस दगडासारखा असलेला माझा हात ओतताना थरथरायला लागला, तो थांबेना, दारू मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

बाबानं माझा हात करवंटीसकट दोन्ही हातांत धरला. तो कापायचा थांबेपर्यंत धरून ठेवला. मग होती तेवढी प्याला.